चार अक्षरं आणि एक दरवाजा

ताई, नमस्कार.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं. देवीच्या जत्रेला दुसऱ्या रात्री गावच्या मंडळाचं मराठी नाटक होतं, आजोबांच्या वेळेपासून. गेली नऊ वर्षं मी मंडळाची खजिनदार आहे, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांची समजूत काढणारीही मीच. दिग्दर्शक निवृत्त हायस्कूल शिक्षक. त्यांना सगळं वहीत लिहिलेलं लागतं. नायकाचं काम करतात त्यांचं बाजारात हार्डवेअरचं दुकान आहे. माणूस दिलदार, पण तालीम साडेसातची असली तरी हे आठला दुकान बंद करून सव्वाआठला उगवणार, आणि ऐन प्रयोगात ठरलेल्या हालचाली बदलणार. नेपथ्य बघणारा सुतारकाम करतो. बैठकीत तोंड उघडत नाही आणि शेवटच्या दिवशी स्वतःला हवं तेच करतो. गेल्या वर्षी त्यानं सेटचा दरवाजा उलटा बसवला. खोलीत उघडायचा तो विंगेकडे उघडला. दोन्ही हातांत चहाचा ट्रे घेऊन येणारी मुलगी दाराबाहेरच अडकली, लोक हसले, आणि पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी त्याला सगळ्यांसमोर झोडपलं. (दरवाजा कसा हवा, हे त्यानं मला एकदा विचारलं होतं. सरांना विचारून सांगते म्हटलं, पण त्या दिवशी सर तापलेले होते, म्हणून राहून गेलं.)

यंदा मॅनेजमेंट शिकणाऱ्या आमच्यातल्या एका मुलीनं सगळ्यांकडून ती सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी फोनवर करून घेतली आणि प्रत्येकाची चार अक्षरं ग्रुपवर टाकली. वर्णनं वाचून सगळे म्हणाले, अगदी आम्हीच! पहिले दोन दिवस मजा आली. आता नायक म्हणतो, ‘मी असाच, टेस्टमध्येच आलंय.’ नेपथ्यवाला इंट्रोव्हर्ट निघाला म्हणून त्याला कुणी काही विचारतच नाही. दिग्दर्शकांचा आणि नायकाचा प्रकार एकमेकांशी जुळत नाही, असं त्या मुलीनं तक्ता दाखवून सांगितलं. परवा रात्री एक वाजेपर्यंत व्हॉट्सॲपवर भांडण चाललं होतं. जत्रेला सात आठवडे आहेत. प्रकार जुळत नसतील तर माणसं बदलावीत का? की पुढच्या वर्षीपासून एकसारख्या स्वभावाचीच माणसं घ्यावीत?

— एक खजिनदार

*

खजिनदारबाय,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतेच. आधी त्या चार अक्षरांचा निकाल लावू, कारण ती मधे असेपर्यंत दुसरं काही दिसणार नाही.

या चाचणीचं मूळ कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या १९२१ सालच्या मांडणीत आहे. अंतर्मुख, बहिर्मुख हे शब्द आज आपण चहाच्या गाड्यावर वापरतो ते त्याच्यामुळे. पण युंगनं काही ही प्रश्नपत्रिका काढली नव्हती. ते काम केलं अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. दोघींपैकी एकही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. हे मी त्यांना कमी लेखायला सांगत नाही. आपल्याकडे चवथीला घुमट हे चर्मवाद्य वाजवणारे तरी कुठल्या शाळेत शिकतात? अंतर्मुख-बहिर्मुख अशा चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुमचं, असे सोळा प्रकार. शिवाय फोनवर फुकट मिळते ती बहुधा मूळ चाचणी नसतेच, तिच्या वळणावर केलेली दुसरीच असते.

दोष आहे तो मधोमध रेघ मारण्यात. उंचीचं उदाहरण घ्या. समजा ठरवलं की पाच फूट पाच इंचांच्या वरचे सगळे ‘उंच’ आणि खालचे सगळे ‘बुटके’. पाच-चारचा आणि पाच-सहाचा असे दोघे शेजारी उभे केले तर फरक डोळ्यांना जाणवणारसुद्धा नाही, पण कागदावर मात्र ते दोन वेगळ्या जातींचे झाले. स्वभावाचंही असंच. बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात. म्हणूनच काही आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांचं एखादं तरी अक्षर पालटतं. गंमत म्हणून तुमच्या मंडळात करून बघा. मात्र कुणी आधीचा निकाल बघून उत्तरं द्यायची नाहीत.

आणि ‘अगदी आम्हीच’ वाटण्याचं म्हणाल, तर १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक चाचणी दिली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाच्या हातात ‘तुमचं वर्णन’ ठेवलं. कितपत जुळतं ते पाचापैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्यानं सांगितलं की सगळ्यांना दिलेलं वर्णन अक्षरशः एकच होतं, आणि त्यातली वाक्यं त्यानं ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती.

तसं बघितलं तर शिक्के मारायला आपल्याला चाचणीची गरज कधीच नव्हती. सासष्टीकार असे, बारदेशकार तसे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. फोंडेकरांबद्दल सासष्टीत काय म्हणतात ते मी इथं छापत नाही. बाहेरच्यांनी तर अख्ख्या गोव्यालाच ‘सुशेगाद’, म्हणजे निवांत, म्हणून ठेवलंय. पहाटे भट्टी पेटवून उजाडायच्या आत सायकलवर पाव घालत फिरणाऱ्या पोदेराला त्यांनी कधी विचारलेलं दिसत नाही.

मग माणसांचे स्वभाव वेगळे नसतातच का? असतात, चांगलेच असतात. मानसशास्त्रात ज्या मोजणीवर जास्त भरवसा ठेवतात ती पाच गुणांची आहे: नव्याची ओढ, नेटकेपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेण्याची वृत्ती, आणि मन किती चटकन अस्वस्थ होतं ते. प्रत्येक गुण कमी-जास्त मापाचा, मधे रेघ नाही, सोळा खोके नाहीत. आपली जुनी म्हण जास्त बरोबर आहे: व्यक्ती तितक्या प्रकृती. तुमच्या मंडळात एकवीस माणसं असतील तर एकवीस.

आता तुमच्या नायकाच्या उशिराकडे बघा. पत्रात तुम्हीच लिहिलंय की तालीम साडेसातला आणि दुकान बंद होतं आठला. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आठला शटर ओढणारा माणूस साडेसातला तालमीला देवळाच्या अग्रशाळेत कसा पोचणार? सव्वाआठ म्हणजे गल्ला मोजून, कुलूप घालून तो थेट तुमच्याकडेच येतोय. तुम्ही ज्याला स्वभाव म्हणता ते वेळापत्रक आहे. बहुधा साडेसात ही वेळ सर शाळेत होते तेव्हा कधीतरी ठरली असेल आणि नंतर कुणी तिला हात लावला नसेल.

असं आपण सगळेच करतो. याला ‘फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर’ असं नावसुद्धा आहे. १९७७ मध्ये ली रॉस या मानसशास्त्रज्ञानं ते दिलं आणि मांडलं की दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना आपण त्याच्या स्वभावाला फार वजन देतो आणि परिस्थितीला फार कमी. मी चोडणहून येताना उशीर केला तर रायबंदरची फेरीबोट चुकली. दुसऱ्यानं उशीर केला तर तो बेफिकीर. स्वतःची फेरी आपल्याला नेहमी दिसते, दुसऱ्याची दिसत नाही.

तर, ज्या प्रवेशांत नायक नाही ते साडेसात ते सव्वाआठ घ्या आणि त्याला सव्वाआठची वेळ द्या. मग तो पावणेनऊला आला तर मात्र जरूर बोला. तेव्हा ती तक्रार खरी होईल, कारण त्यानं स्वतः कबूल केलेली वेळ मोडलेली असेल.

हे मी इतकं ताणून का सांगते? गटातल्या भांडणांवर काम करणारे दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: कामावरचा मतभेद आणि माणसावरचा राग. कॅरन जेन हिनं १९९५ मध्ये ही विभागणी नीट मांडली. माणसावरचा राग गटाला पोखरतो यात कुणाला शंका नव्हती. कामावरचा वाद मात्र चांगला, त्यातून बरं काही निघतं, असं पुष्कळांना वाटायचं. २००३ मध्ये डी ड्रू आणि वाइनगार्ट या दोघांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून तपासले, तर दोन्ही प्रकारच्या भांडणांनी काम बिघडतानाच दिसलं. २०१२ मध्ये झालेल्या आणखी मोठ्या तपासणीत एक मेख सापडली: कामावरचा वाद जिथं माणसावर घसरत नाही, तिथं तो इतका घातक ठरत नाही, कधी उपयोगीही पडतो. सगळा खेळ त्या घसरण्याचा आहे. ‘दरवाजा उलटा बसला’ हे कामाचं बोलणं. ‘तू घुम्या आहेस, तुझं नेहमीचंच’ हे माणसावर. मधे एका वाक्याचं अंतर. आणि तुमच्या ग्रुपवर टाकलेली ती चार अक्षरं म्हणजे तळीच्या पायऱ्यांवरचं पावसाळी शेवाळ. पाय ठेवला की थेट खाली.

आता दरवाजा. तुमच्या मंडळाची सगळी कहाणी मला त्या एका दरवाजात दिसते.

मी पाहिलेल्या बहुतेक सेटवर दार विंगेकडेच उघडतं. खोलीत उघडलं तर पल्ला रंगमंचाची जागा खातो आणि एका बाजूच्या प्रेक्षकांना पात्र दिसायच्या आधी फळीच दिसते. सुतार माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणजे त्याच्या हिशेबानं दरवाजा सुलटच होता. दिग्दर्शकांच्या डोक्यात ट्रे घेतलेली मुलगी होती. तिचे दोन्ही हात अडकलेले, तिला दार खांद्यानं ढकलता आलं पाहिजे. त्यांच्या हिशेबानं तो उलटा. दोघांचंही बरोबर. पाच मिनिटं समोरासमोर बोलले असते तर सुतार म्हणाला असता, मग स्प्रिंगचं बिजागर लावतो, दोन्हीकडे उघडेल. तुमच्या नायकाच्या दुकानातच मिळालं असतं.

ही पाच मिनिटं का झाली नाहीत? तो अंतर्मुख म्हणून? त्यानं तर विचारलं होतं. तुम्हालाच विचारलं होतं.

रागावू नका. नऊ वर्षं तुम्ही मंडळ सांभाळलंय, आणि तुमच्यासारखी माणसं नसती तर गावोगावची निम्मी मंडळं कधीच मोडली असती. पण तुम्ही काय करता ते बघा. सर तापलेले असले की सुताराचा प्रश्न तुम्ही पदरात बांधून ठेवता. नायक सरांबद्दल काही बोलला की तुम्ही ते धुऊन, पिळून, इस्त्री करून सरांपर्यंत नेता. सरांचा राग नायकाकडे पोचतो तेव्हा त्यात साखर घातलेली असते. त्यामुळे तिघांपैकी एकालाही दुसऱ्याचं खरं म्हणणं कधी कळलेलंच नाही. त्या पाच गुणांतला मिळतंजुळतं घेण्याचा गुण तुमच्यात भरपूर असणार. त्यानं आजचा आवाज खाली येतो, पण प्रश्न मागे साठत जातात आणि तिसऱ्या घंटेनंतर एकदम बाहेर पडतात, नाहीतर रात्री एक वाजता व्हॉट्सॲपवर.

तेव्हा पहिला बदल तुमच्याकडून. निरोप न्यायचं काम आजपासून बंद. कुणी म्हणालं, ‘सरांना जरा सांगा हं,’ तर म्हणायचं, ‘चल, आत्ताच जाऊ, मी बरोबर उभी राहते.’ बरोबर उभं राहायचं, बोलायचं मात्र त्यानं. पहिल्या एक-दोन वेळा फार अवघड जाईल, घशाला कोरड पडेल. तरीही मधे बोलू नका.

सुताराच्या गप्प बसण्याबद्दल आणखी थोडं, कारण त्यात तुमच्या बैठकीचाही दोष आहे. दहा-बारा माणसं, वर पंखा घरघरतोय, नायक बोलतोय, सर बोलतायत, चहा येतोय. अशा ठिकाणी हळू बोलणारा बोलणार कधी? एकत्र बसून कल्पना काढल्या की जास्त सुचतं असं आपण धरून चालतो. १९५८ मध्ये येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. चौघांच्या गटाला एकत्र बसून जितक्या कल्पना सुचल्या, त्यापेक्षा वेगवेगळं बसवलेल्या चौघांच्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. पुढं १९८७ मध्ये दोन संशोधकांनी त्याचं एक मोठं कारण दाखवलं, ते अगदी साधं आहे: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विरून जातं. अंतर्मुख असो की बहिर्मुख, ही अडचण सगळ्यांचीच. फक्त मोठ्या आवाजाचा माणूस तीतून वाट काढतो.

म्हणून नेपथ्याची बैठक बसून घेऊच नका. अग्रशाळेच्या जमिनीवर खडूनं सेट आखा, खऱ्या मापाचा. दिवाण इथं, खिडकी इथं, दरवाजा इथं, पल्ला कुठल्या बाजूला फिरतो त्याचा पाव गोलसुद्धा काढा. सुताराच्या हातात खडू द्या. तोंड न उघडणारी पुष्कळ माणसं हातात खडू आला की बोलायला लागतात. मग त्या मुलीला खरा ट्रे देऊन त्यातून चालवा. सरांना वही लागते ना? वही घेऊन तिथंच उभं राहू दे, ठरलं ते तिथंच लिहू दे.

नायकाच्या ऐनवेळच्या बदलांवरही मला असंच काहीसं सुचतं. तो बदल करतो त्यातलं काही चांगलं असतं का? असणार, नाहीतर लोकांनी त्याला ऐकून घेतलं नसतं. आणि सरांचा राग खरा असतो का? तोही खरा, कारण प्रकाशाची जागा ठरलेली असताना नट दोन फूट बाजूला उभा राहिला की तो अंधारात बोलतो आणि प्रकाश रिकाम्या खुर्चीवर पडतो. तेव्हा दोघांनी मिळून संहितेवर खुणा कराव्यात: या सात-आठ जागा दगडावरच्या रेघा, इथं प्रकाश आहे, इथं दुसऱ्याचं वाक्य अवलंबून आहे, इथं हलायचं नाही. बाकी नाटक तुझं. माझा अंदाज असा की मोकळीक रीतसर मिळाली की तो बांधलेल्या जागा पाळेल. पाळल्या नाहीत तर पुन्हा तेच: त्यानं कबूल केलेलं मोडलं. तिथं ‘टेस्टमध्येच आलंय’ चालणार नाही. प्रकृती कशीही असो, शब्द पाळता येतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकसारखी माणसं घ्यावीत का. यावर मी अभ्यास सांगत नाही, आमच्या वाड्यावरचा नरकासुर सांगते, दिवाळीच्या पहाटे जाळायचा तो पुतळा.

मी नववी-दहावीत असतानाची गोष्ट. मुलींना तेव्हा खळ शिजवायचं आणि कागद फाडायचं एवढंच काम, त्यामुळे बघायला वेळ भरपूर. नरकासुर करणारी दोन मुलं म्होरकी होती. एकाकडे मोजपट्टी असायची. तो आठ दिवस आधी बांबू आणून भिजवणार, वळणावरच्या विजेच्या तारांची उंची काठीनं मोजून येणार. दुसरा चतुर्दशीच्या आदल्या रात्री अकराला उगवायचा आणि म्हणायचा, ‘हात हलले पाहिजेत!’ मग सायकलच्या ब्रेकच्या वायरी, रबरं, आणि रात्री दोनपर्यंत शिव्या. दरवर्षी. एकमेकांचं तोंड बघणार नाही म्हणून दोघेही शपथ घ्यायचे आणि पहाटे एकाच गाड्याला धक्का मारायचे.

एका वर्षी अकरावाला बोटीवर नोकरीला गेला. राहिली सगळी मोजपट्टीवाल्याच्या पठडीतली. नरकासुर संध्याकाळी सातला तयार! एकही तार आडवी आली नाही. आणि चौकात एक माणूस वळून बघेना. शेजारच्या वाड्याचा डोळे फिरवत होता. दुसऱ्या एका वर्षी मोजपट्टीवाल्याला कावीळ झाली. त्या वर्षी नरकासुराला सहा हात होते, सहाही हलायचे, पण पाय करायला कुणाला वेळ मिळाला नाही. पहाटे जाळायचा तो सकाळी नऊला जळला, तोवर घरोघर कारीट चिरडून फोव खाऊन झाले होते.

तर माणसं बदलू नका. सर आणि नायक यांचं जुळत नाही म्हणूनच ते नाटक उभं राहतं. फक्त आमच्या त्या दोघांनी ‘हात हलणार का’ हे आठ दिवस आधी ठरवलं असतं तर रात्री दोनचं भांडण झालं नसतं. पण तसं त्यांनी कधी ठरवलंच नाही. दोघेही आता साठीला आले, अजून भांडतात.

सात आठवडे उरलेत म्हणून घाबरून जाऊ नका. ब्रूस टकमन यानं १९६५ मध्ये गटांवरचे पन्नास लेख चाळून लिहिलं होतं की गट आधी जमतो, मग त्यात वादळ होतं, मग रीत बसते, मग काम होतं. हौशी मंडळात दरवर्षी दोन-चार माणसं नवी असतात, त्यामुळे वादळही दरवर्षी नव्यानं. ते आज झालेलं बरं. जत्रेच्या आदल्या दिवशी रंगीत तालमीत झालं असतं तर?

एका बाबतीत मात्र मी समजूत काढणार नाही, तुम्हीही काढू नका. गेल्या वर्षी पडदा पडल्यावर सरांनी सुताराला सगळ्यांसमोर झोडपलं, हा स्वभावाचा भाग नव्हे. ‘मी तोंडावर बोलणारा माणूस’ हे वाक्य मी फार लोकांकडून ऐकलंय, आणि त्यातले बहुतेक आपल्यापेक्षा मोठ्याच्या तोंडावर कधी काही बोलत नाहीत. सगळ्यांसमोर अपमान केला असेल तर माफीही सगळ्यांसमोर. सर शिक्षक होते, त्यांना हे कळेल. एकटं गाठून, नम्रपणे, पण साखर न घालता सांगा. यंदा पुन्हा असं झालं तर मग माणूस बदलायचा विचार करा. तेव्हा त्याची अक्षरं कुठली ते बघू नका.

व्हॉट्सॲपचं थोडक्यात: ग्रुपवर तालमीची वेळ, जागा आणि फोटो. मतभेद तिथं लिहायचा नाही. कुणी लिहिलाच तर उत्तर एकच, ‘उद्या तालमीत बोलू.’ तुम्ही सगळे घरी कोंकणीत बोलता, रंगमंचावर मराठीत, आणि व्हॉट्सॲपवर अर्धवट रोमी अक्षरांत, अर्धवट इमोजीत. त्या तिसऱ्या भाषेत आजवर कुणाचं भांडण मिटल्याचं मी पाहिलं नाही.

आणि त्या मॅनेजमेंटवाल्या मुलीला कुणी बोल लावू नये. तिला मंडळाचं भलंच करायचं होतं. तिलाच नवं काम द्या. अक्षरांच्या जागी प्रत्येकाकडून एकेक वाक्य लिहून घ्यायचं: ‘काम करताना मला काय लागतं?’ सुतार कदाचित लिहील, ‘मला बैठकीत सुचत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सुचतं.’ सर लिहितील, ‘बदल आदल्या दिवशी कळला पाहिजे.’ नायक काय लिहील कुणास ठाऊक, पण लिहू दे. हे कागद अग्रशाळेच्या भिंतीवर चिकटवा. चाचणीतून घेण्यासारखं होतं ते एवढंच.

राहिलं तुमचं स्वतःचं. सुताराला गेल्या वर्षीची बोलणी बसली ती निम्मी तुमच्या वाट्याची होती, आणि हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर ते कंसात आलं. त्याच्या घरी जा, फोन नको. सांगा की दरवाजाचं विचारायचं माझ्याकडून राहिलं, तुझी चूक नव्हती, आणि हे मी सरांनाही सांगणार आहे. मग यंदाच्या नाटकाचं विचारा: ‘दार खंयच्या वटेन उगडटलें?’ तो लगेच बोलणार नाही. तुम्हाला वाटेल आपणच काहीतरी बोलून ती शांतता भरून काढावी. भरू नका. अंगणात बसा, चहा प्या, तो बोलेपर्यंत थांबा.